जर्मन पासपोर्ट घेतल्यावर भारतीय पासपोर्टचं काय होतं?

२७ जून २०२४ ला जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला आणि तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींमध्ये एक वाक्य फिरतंय: "आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात." तुर्की माणसाला ठेवता येतात, अमेरिकन माणसाला ठेवता येतात. आपल्याला येत नाहीत. मी स्टुटगार्टला राहते, या सगळ्यातून नुकतीच गेले आहे, आणि नव्याने आलेली मुलं-मुली अजूनही हाच समज धरून अर्ज भरतात. त्यातून पुढे जे अडचणीत येतात त्यांचा त्रास खरा असतो आणि तो टाळता येण्यासारखा असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जर्मनीचं सांगते. पूर्वी इथे नागरिकत्व घेताना जुनं सोडावं लागायचं, अपवाद मोजके होते. नव्या कायद्याने ती अट काढली. राहण्याची मुदत ८ वर्षांवरून ५ वर्षांवर आली. ज्यांचं जर्मन फार चांगलं आहे आणि ज्यांनी इथे काही विशेष करून दाखवलंय त्यांच्यासाठी ३ वर्षांचा मार्गही ठेवला होता, तो ऑक्टोबर २०२५ अखेरीस बंद झाला. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ३ वर्षांचा हिशोब मांडू नका. बाकी अटी ठाऊक असतीलच: बी-१ पातळीचं जर्मन, स्वतःच्या कमाईवर घर चालणं, आणि नागरिकत्वाची चाचणी. चाचणीत ३३ प्रश्न, तासाभराचा वेळ, १७ बरोबर आले की पास. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो; ३३ पैकी ३ प्रश्न आपल्या राज्याचे येतात. इंजिनिअरिंगच्या परीक्षा दिलेल्यांना ही चाचणी जड जात नाही. पण नुसते पर्याय पाठ करू नका. नाझी राजवट, यहुद्यांचा संहार आणि त्यातून आलेली जबाबदारी हा या देशाच्या मनाचा गाभा आहे, आणि अर्जासोबत त्याबद्दलच्या निवेदनावर सहीही करायची असते. काय मान्य करतोय ते नीट समजून घेऊनच सही केलेली बरी. प्रौढ माणसाच्या अर्जाची फी २५५ युरो. आणि प्रतीक्षा मोठी, काही शहरांत तर फारच मोठी.

आता आपली बाजू. भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ सांगतं की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, सही लागत नाही, कोणी नोटीसही पाठवत नाही. पासपोर्टवर अजून सात वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो धरणारा माणूस भारतीय राहिलेला नसतो. जर्मनीने जुनं नागरिकत्व ठेवायची मुभा दिली म्हणजे फक्त जर्मनी तुम्हाला ते सोडायला लावत नाही. भारताच्या कायद्यात त्याने काडीचाही बदल होत नाही.

इथेच लोक चुकतात, आणि का चुकतात ते मी समोर पाहिलं. त्या दिवशी कार्यालयात बाईंनी मला उभं राहून एक वाक्य वाचायला सांगितलं: जर्मनीची राज्यघटना आणि कायदे पाळीन, देशाला हानी होईल असं काही करणार नाही. ते वाचलं आणि उर्कुंडे, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, हातात आला. नागरिकत्व लागू होतं ते या क्षणी. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा नाही आणि जर्मन पासपोर्ट छापून येतो तेव्हाही नाही. मग त्यांनी माझं रेसिडेन्स कार्ड ठेवून घेतलं आणि निळा भारतीय पासपोर्ट हसून परत दिला. "हा तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाल्या. त्यांच्या कायद्याने त्यांचं अगदी बरोबर होतं. पण हे ऐकून माणूस निर्धास्त घरी येतो, पासपोर्ट कपाटात ठेवतो आणि दिवाळीला त्याच पासपोर्टवर तिकीट काढतो.

तसं अजिबात करू नका. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जवळ बाळगणं आणि त्यावर प्रवास करणं हा पासपोर्ट कायदा, १९६७ खाली गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे. शिवाय हे लपतही नाही. मुंबईला उतरताना भारतीय पासपोर्ट दाखवलात, पण परत निघताना काउंटरवर जर्मनीचा परवाना विचारतातच. रेसिडेन्स कार्ड तर जमा झालेलं. मग जर्मन पासपोर्ट बाहेर काढावा लागतो, आणि दोन पासपोर्ट एकाच माणसाच्या हातात दिसतात. म्हातारे आई-वडील बाहेर काचेपलीकडे हात हलवत उभे असताना हा प्रसंग कोणावरही येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. उर्कुंडे मिळाली की लगेच जर्मन पासपोर्टसाठी अर्ज. तो हातात आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नच्या लोकांसाठी म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास; बाकी राज्यांसाठी बर्लिनचा राजदूतावास, फ्रँकफर्ट किंवा हॅम्बुर्ग. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट देतात. हे दोन्ही जन्मभर जपून ठेवायचे. मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या आयुष्यभराच्या व्हिसाचा अर्ज, ज्याची फी परदेशातून २७५ अमेरिकी डॉलरच्या बरोबरीची असते. या सगळ्यात काही महिने जातात, आणि मधल्या काळात भारतात जायचं तर जर्मन पासपोर्टवर व्हिसा काढूनच. घरी लग्न असेल, कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर उर्कुंडे घ्यायची टर्मिन, म्हणजे कार्यालयातल्या भेटीची तारीख, त्या हिशोबाने ठरवा. तारीख पुढे ढकलून मागायला संकोच करू नका.

नावाचा प्रश्न मात्र आपला खास आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. आपल्या पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मनीत ते सगळंच पहिलं नाव धरलं जातं, त्यामुळे डॉक्टरकडे मला कित्येक वर्षं माझ्या वडिलांच्या नावानेही हाक मारत होते. नागरिकत्व घेतल्यावर जर्मन कायद्याखाली नाव जुळवून घ्यायची सोय आहे. मधलं नाव काढून टाकता येतं. मोह होतो. पण मग जर्मन पासपोर्टवर एक नाव, जुन्या भारतीय पासपोर्टवर दुसरं, पॅनवर तिसरं, आणि जन्मदाखल्यावर ग्रामपंचायतीच्या लेखनिकाने लिहिलेलं चौथं. ओसीआयला नावातल्या प्रत्येक फरकाचा दाखला जोडावा लागतो. नाव बदलायचंच असेल तर बदला, फक्त नाव बदलल्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावर, त्याच नव्या नावाने पासपोर्ट काढा. मी वडिलांचं नाव ठेवलं. ते माझ्या नावात शोभतं असं मला वाटतं, आणि कागदही सरळ राहिले.

आबांना ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "बाय, मग उद्या सातबाऱ्यावर तुझं नाव लागंल का?" सातारा जिल्ह्यातली आमची जमीन थोडीच, पण त्यांची चिंता खरी होती. त्यांना जे समजावून सांगितलं तेच इथे सांगते. शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे ती अनिवासी भारतीयालाही आहे. म्हणजे निळा पासपोर्ट असतानाही, परदेशात राहत असताना मी शेत विकत घेऊ शकत नव्हतेच, आणि बक्षीसपत्रानेही घेऊ शकत नव्हते. वारसाहक्काने मात्र ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन मिळू शकते, वारस म्हणून नोंदही होते. पुढे ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. फ्लॅट, दुकान हे घ्यायला ओसीआयला आडकाठी नाही. "मंजी नाव लागतंय," आबा म्हणाले, आणि मग उसाच्या बिलाकडे वळले.

बँकेचंही तसंच. एनआरई, एनआरओ ही अनिवासींची खाती चालू राहतात, फक्त नागरिकत्व बदलल्याचं केवायसीमध्ये कळवायचं. पॅनमध्येही दुरुस्ती करायची. आयकर मुख्यतः तुम्ही कुठे राहता यावर ठरतो, पासपोर्टच्या रंगावर नाही.

खरं जातं ते मत. अनिवासी भारतीयाला मतदार यादीत नाव ठेवता येतं आणि गावी प्रत्यक्ष हजर राहून मतदान करता येतं. नागरिकत्व गेलं की तो हक्क गेला, आणि यादीतून नाव वगळायचा अर्ज आपणच द्यायचा. ओसीआय कार्डाने आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, कितीही काळ भारतात राहता येतं, पोलिसांकडे नोंदणी लागत नाही. पण ते नागरिकत्व नाही. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांना २०२१ पासून खास परवानगी लागते. आणि कायद्यात दिलेल्या कारणांवरून सरकार हे कार्ड रद्दही करू शकतं. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने २००२ मध्ये परदेशस्थ भारतीयांसाठी दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती, त्यातून अखेर हे कार्ड जन्माला आलं. माझ्या मते ते काम अर्धवट राहिलंय, आणि कधीतरी पूर्ण व्हावं.

मुलांचं थोडं वेगळं आहे. आई किंवा वडील ५ वर्षं कायदेशीररीत्या इथे राहत असतील आणि कायमचा परवाना असेल, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन असतं. अशा मुलाला भारतीय पासपोर्ट काढायचा तर त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांनी लिहून द्यावं लागतं. म्हणून एका मुलाचे दोन पासपोर्ट काढायच्या भानगडीत पडू नका; जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय ही सरळ वाट आहे.

मग घ्यावं की न घ्यावं? मला विचाराल तर "कोणता पासपोर्ट ठेवू" या प्रश्नावर रात्री जागू नका, त्याचं उत्तर भारताने १९५५ मध्येच देऊन ठेवलंय. विचार करायचा तो या गोष्टीचा: पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला कुठे, किती सलग राहावं लागेल? जर्मनीचा साधा कायमचा परवाना, नीडरलासुंग्सएरलाउबनिस, सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर रद्द होतो. आधी अर्ज करून मुदत वाढवून मागता येते, पण ते कार्यालयाच्या हातात. आई आजारी पडली आणि वर्षभर गावी राहावं लागलं, तर निळा पासपोर्ट जवळ असूनही इथलं सगळं पणाला लागतं. उलट जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर तुम्ही दोन वर्षं साताऱ्यात राहा, परत या, दार उघडं असतं. आई-वडिलांजवळ जास्त राहता यावं म्हणूनच मी नागरिकत्व बदललं. आबांनाही अखेर पटलं ते याच कारणाने.

ज्यांचं चार-पाच वर्षांत कायमचं परतायचं पक्कं आहे, ज्यांना भारतात सरकारी सेवेत किंवा राजकारणात जायचंय, त्यांनी घेऊ नये. आणि ज्यांचं मन तयार नाही त्यांनीही थांबावं; कायमच्या परवान्यावर इथे आयुष्य चांगलं निघतं.

परतीची वाट अगदी बंद होत नाही. ओसीआय म्हणून ५ वर्षं झाली असतील आणि अर्जाआधीचे १२ महिने भारतात राहिला असाल, तर कलम ५ खाली पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा जर्मन नागरिकत्व सोडावं लागतं. त्या अर्जाला तो शिक्का मारलेला जुना पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट उपयोगी पडतील, म्हणून दोन्हीच्या रंगीत प्रती गावी घरच्यांकडेही देऊन ठेवा.