वक्फ-अलल-औलादमधला पडून राहिलेला वाटा: मुंबईत दावा कसा लावायचा

डोंगरी, नळबाजार, भेंडी बाजारात हे चित्र नवे नाही: पणजोबांनी चाळ वक्फ-अलल-औलाद केली (म्हणजे तिचे उत्पन्न वंशजांसाठी कायमचे राखून दिले), भाडे मुतवल्ली (वक्फचा व्यवस्थापक) गोळा करतो आणि एका शाखेचा वाटा वर्षानुवर्षे कुणी मागितलेला नाही. वारस येतात ते शरियतचे हिस्से मांडूनच: बायकोला आठवा, मुलाला मुलीच्या दुप्पट. हे गणित इथे सहसा लागत नाही. वक्फ झाल्यावर इमारत वारसाहक्कात येत नाही. मिळतो तो उत्पन्नातला वाटा, आणि तो कुणाला किती हे वक्फनामा (वक्फचा मूळ दस्त) ठरवतो.

म्हणून आधी वक्फनामा काढा. शहर विभागातले जुने दस्त फोर्टच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये शोधावे लागतात. वाकिफचे (वक्फ करणाऱ्याचे) नाव, अंदाजे वर्ष आणि मिळकतीचा भूमापन क्रमांक म्हणजे सी.एस. नंबर (उपनगरात सी.टी.एस.) हाताशी ठेवा. मालमत्तापत्रकावर नुसते मुतवल्लीचे नाव असू शकते. तेवढ्यावरून ती त्याची खासगी मिळकत ठरत नाही.

नोंद दोन्हीकडे तपासा: छत्रपती संभाजीनगरचे राज्य वक्फ मंडळ आणि वरळीचे धर्मादाय आयुक्त कार्यालय. धर्मादाय आयुक्तांकडे मुस्लिम संस्थांचे नोंदणी क्रमांक 'बी'ने सुरू होतात. प्रत्येक मुस्लिम ट्रस्ट हा वक्फ नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितले आहे. चुकीच्या दारात अर्ज केला तर वर्षे जातात.

वक्फनामा वाचताना पाहायचे ते असे: मुलींच्या मुलांना वाटा आहे का, मेलेल्याचा वाटा त्याच्या शाखेत जातो की हयात पिढीत विभागला जातो, धर्मकार्यासाठी किती राखले आहे, आणि वंश संपल्यावर उत्पन्न कुठे जाते. दस्त 1913 पूर्वीचा म्हणून रद्द, असे कुणी म्हणाले तर घाबरू नका. 1913 च्या कायद्याने कौटुंबिक वक्फ वैध केले आणि 1930 च्या कायद्याने ते संरक्षण आधीच्या दस्तांनाही दिले. दस्तात नुसते 'कायदेशीर वारस' असेल तर मृत्यूचे वर्ष महत्त्वाचे. खोजांना 1937 पर्यंत आणि कच्छी मेमनांना 1938 पर्यंत वारशात हिंदू रूढी लागू होती, त्यामुळे तेव्हाच्या मुली यादीतून गळू शकतात.

शाखा पाकिस्तानात गेली असेल तर आधी शत्रू मालमत्तेचा प्रश्न सोडवा. तो वाटा अशी मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी कस्टोडियनकडे गेलेला असू शकतो, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर अशा मालमत्तेवर वारसाहक्क चालत नाही.

पुरावा म्हणजे शजरा (वंशावळ), आणि त्यातल्या प्रत्येक कडीला एक कागद: महापालिकेचा जन्म-मृत्यू दाखला, निकाहनामा, कब्रस्तानच्या वहीतला उतारा. दावे अडतात ते बहुधा नावांवर. एकाच माणसाचे नाव एका कागदावर 'अब्दुल लतीफ', दुसऱ्यावर 'लतीफभाई'. प्रतिज्ञापत्र करा, पण सोबत दोन्ही नावे जोडणारा एखादा जुना कागद शोधाच. एकटे प्रतिज्ञापत्र समोरचा वकील सहज फोडतो.

मग मुतवल्लीला पोचपावतीसह लेखी नोटीस द्या आणि हिशेब मागा. पागडीच्या (भाडेकरूने मोठी रक्कम देऊन हक्क घेतलेल्या) इमारतीत भाडे नगण्य असते, कर आणि दुरुस्तीतच संपते. खरा पैसा भाडेकरू बदलताना मालकाला मिळणाऱ्या रकमेत असतो, आणि हिशेबात नेमकी तीच सापडत नाही. त्यामुळे भाडेपावत्यांवरची नावे कधी बदलली याची यादी स्वतंत्रपणे मागा. पुनर्विकासात मात्र वाटणीची आशा धरू नका. मूळ मिळकतीच्या बदल्यात जे येते ते वक्फचेच राहते. वाटले जाते ते त्यापुढचे उत्पन्न.

उत्तर आले नाही तर नोंदणीकृत वक्फसाठी वक्फ न्यायाधिकरण. त्याच्या आदेशावर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. कौटुंबिक वक्फवर मंडळाचा अधिकार धर्मकार्याच्या भागापुरताच असतो, हे अर्ज लिहिताना ध्यानात ठेवा. एप्रिल 2025 पासून मुदतीचा कायदा (दावा किती काळात लावायचा हे ठरवणारा) वक्फ मालमत्तांनाही लागू झाला आहे. तेव्हा शजरा पूर्ण होईपर्यंत थांबण्यापेक्षा नोटीस आधी पाठवा, राहिलेले दाखले मागाहून जोडता येतात.