गाता गाता नाचायला शिकवताय? या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की फोन सुरू होतात. "मॅडम, गाणं मस्त बसलंय, नाचही बसलाय, पण दोन्ही एकत्र केलं की सगळं ढासळतं." जाऊन बघावं तर गोष्ट बहुतेक तीच असते. नाच शिकवणाऱ्याने मोबाइलवर ट्रॅक लावून स्टेप्स बसवलेल्या, गाणं शिकवणाऱ्याने पेटी घेऊन दुसऱ्या खोलीत चाल बसवलेली, आणि दोघांची गाठ पडते ती थेट रंगीत तालमीला.

श्वासाची जागा न बघता स्टेप्स बसवणं

निम्मं दुखणं इथेच आहे. नुसतं नाचताना श्वास कुठेही घेता येतो. गाताना तो दोन ओळींमधल्या फटीतच मिळतो. गिरकी संपताक्षणी तार षड्ज (वरचा सा) लावायला सांगितला तर तयारीची मुलगीही हुकते, आणि वर "सूर कच्चा आहे" हे तिलाच ऐकावं लागतं. सूर कच्चा नसतो, गिरकी चुकीच्या जागी असते.

गाण्याचा कागद घ्या. गाणाऱ्याला एकदा शांत बसून गाऊ द्या आणि तो जिथे श्वास घेतो तिथे पेन्सिलने खूण करा. उड्या, गिरक्या, खाली बसून उठणं हे सगळं म्युझिकच्या तुकड्यावर किंवा कोरसच्या ओळीवर ढकला. शब्दांवर चाल, हात, मान आणि नजर एवढंच ठेवा. ही सोय काही नवी नाही. पोवाड्यात झीलकरी (शाहिराच्या मागे गाणारे साथीदार) 'जी जी रं जी' उचलतात तेवढ्यात शाहीर दम खाऊन घेतो. नंतर मुलांना स्टेप्स करत ओळी नुसत्या बोलायला लावा. बोलताना धाप लागली तर गाताना लागणारच.

याच्या जोडीला पोटाचा घोळ. नाचाच्या बाई सांगतात "पोट आत", गाण्याचे सर सांगतात "पोट सैल सोड". मुलं बिचारी दोघांचंही ऐकतात आणि श्वास छातीत वर अडकतो, खांदे चढतात. खांदे वर गेलेले दिसले की नाच थांबवा. पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला तळहात ठेवून श्वास तिथे जाणवतो का ते बघायला सांगा. पोट आवळायचं ते उडी-गिरकीपुरतं, एरवी नाही.

सगळं आठात मोजणं

क्लासमधून आलेल्या मुलांच्या डोक्यात 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' घट्ट बसलेलं असतं. केरवा तालात चालून जातं, कारण मात्रा आठच. दादरा सहाचा. त्यावर आठाची स्टेप टाकली की ती तालाच्या चार आवर्तनांनी (फेऱ्यांनी) पुन्हा समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला येते, तोवर गाणारा आणि नाचणारा एकमेकांकडे बघत राहतात. आकडे सोडा. 'धा धी ना, धा ती ना' तोंडाने म्हणत पाय टाकायला लावा. रूपक तालात तर समेवरच 'खाली' (बिनजोराची मात्रा) असते, त्यामुळे पायाचा जोर कुठे द्यायचा ते तबलजीला विचारूनच ठरवा.

साथ प्रत्यक्ष असेल तर रेकॉर्डेड ट्रॅकवर तालीम संपवू नका. नाट्यगीत गाणारा रंगला की जागा (हरकती, ताना) वाढवणार. वन्समोअर आला तर? कोणत्या ओळीला परत यायचं आणि तेव्हा कोण कुठे उभं असेल, हे आधी ठरलेलं नसेल तर मंचावर गर्दीतली शोधाशोध सुरू होते.

प्रत्येकाला नाचवायलाच हवं असं मानणं

दहातले सात जण नाचणारे नसतात. त्यांना अवघड स्टेप्स देऊन मागच्या रांगेत लपवणं हा उपाय नव्हे. 1972 साली रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये डोलणाऱ्या माणसांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा होती. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. रांगेतल्या प्रत्येकाची हालचाल साधी, परिणाम रांगेचा. तुमच्याकडच्या सात जणांना चालणं, वळणं, एकदम थांबणं नीट येऊ द्या. थांबणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, बरं का.

आरसा आणि डावं-उजवं

समोर तोंड करून 'उजवा हात' म्हटलं की अर्धी मुलं चुकतात. हॉलच्या भिंतींना नावं द्या: खिडकी, दार, प्रेक्षक, फळा. "दाराकडे वळा" म्हटल्यावर सहसा कुणी चुकत नाही. प्रयोगाच्या दोन आठवडे आधी आरशाकडे पाठ करून तालीम घ्या, नाहीतर नाट्यगृहात मुलं समोरच्या अंधारात स्वतःलाच शोधतात.

बाकी बारीकसारीक. नऊवारी नेसून नाचायचं असेल तर पहिल्या आठवड्यापासून जुनी साडी नेसवा, कारण सलवारीत बसवलेली ढांग काष्ट्यात निघत नाही. घुंगरू संवादाच्या वेळी वाजत असतील तर वाक्य संपेपर्यंत पाय रोवून ठेवायला शिकवा. कॉलर माइक असेल तर छातीवर हात मारण्याची अदा काढून टाका. फरशीवर उड्यांची तालीम नको, नडग्या दुखायला लागतात.

आणि प्रयोग परवावर आलाय, तरी दम लागतोच आहे? गाणाऱ्या मुलीला एका जागी उभी करा, तिच्या वाटच्या स्टेप्स कोरसला वाटून द्या. बसवलेलं कापताना जीवावर येतं. एकदा मी कापलं नव्हतं, आणि शेवटचा अंतरा तबलजीने एकट्याने पूर्ण केला होता.