रेणूचा आकार मोजून काढा, पाठ करू नका

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून मराठी माध्यमातली दहावी करून सांगलीत अकरावी सायन्सला आलेल्या मुलांना इंग्रजी नडतं, असं सगळे म्हणतात. केमिकल बाँडिंगच्या धड्यापुरतं ते अर्धंच खरं आहे. सहसंयुज बंधाला कोव्हॅलंट बाँड म्हणायची सवय लवकर होते. गाडी अडते ती वहीच्या सपाट पानावर. मिथेनच्या आकृतीत कार्बन मध्ये आणि चार हायड्रोजन चार दिशांना, म्हणजे डोळ्यांना कोन दिसतो ९० अंशांचा. पुस्तक सांगतं १०९.५. मुलं आकडा पाठ करून पुढे जातात आणि तिथून पुढचा सगळा धडा पाठांतराचा होतो.

म्हणून आधी हातानं एक मिथेन करा. साहित्य घरातलंच: कार्बन म्हणून साधारण ३ सेंटिमीटर जाडीचा गोल बटाटा, बंध म्हणून खराट्याच्या ६ सेंटिमीटरच्या चार काड्या आणि हायड्रोजन म्हणून टोकांना लावायला रात्रभर भिजवलेले हरभरे. हरभरे उकडू नका, काडी घातली की फुटतात. काड्या बटाट्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे दीड सेंटिमीटर आत खोचा. पहिल्या तीन अशा लावा की बटाटा तिवईसारखा उभा राहील. चौथी सरळ वर. आता हरभरे लावण्याआधी कोणत्याही दोन टोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा. ते ९.८ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं. ८.५ आलं तर तुम्ही नकळत वहीतली फुलीच पुन्हा केली आहे. दुसरी परीक्षा त्याहून सोपी: मॉडेल उलटंपालटं करून कोणत्याही तीन पायांवर ठेवलं तरी सारखंच दिसलं पाहिजे.

याच मॉडेलचा एक हरभरा काढून त्या काडीवर कापसाचा बोळा लावला की अमोनिया, दोन काड्यांवर लावले की पाणी. बोळा म्हणजे लोन पेअर, बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. तिच्यावर एकाच अणुकेंद्राची ओढ असते, त्यामुळे ती जास्त जागा अडवते आणि शेजारच्या बंधांना रेटते: अमोनियात कोन १०७, पाण्यात १०४.५. मॉडेलवर हा फरक दोन-तीन मिलिमीटरचाच पडतो, हाताला जाणवत नाही. पण रेटा कुठून येतो ते दिसतं, आणि तेवढं पुरे.

आता मोजणी. मधल्या अणूचे संयुजा (सर्वांत बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन घ्या, त्यात बाजूच्या एकसंयुजी, म्हणजे एकच बंध करणाऱ्या, अणूंची (हायड्रोजन, फ्लोरीन, क्लोरीन) संख्या मिळवा, ऋण भार असेल तर तो मिळवा, धन भार असेल तर वजा करा आणि निम्मं करा. आल्या इलेक्ट्रॉन जोड्या. त्यातून बाजूच्या अणूंची संख्या वजा केली की उरतात लोन पेअर. ऑक्सिजन एकसंयुजी नाही, त्याला मिळवायचं नाही. कार्बन डायऑक्साइडची सर्वाधिक गणितं इथंच फसतात. भाराची चिन्हं उलटी लावणं ही दुसरी नेहमीची चूक. अमोनियम आयनात ५ अधिक ४ वजा १, म्हणजे ८, निम्मे ४. आणि उत्तर अडीच आलं, जसं नायट्रोजन डायऑक्साइडला येतं, तर गणित चुकलेलं नाही. तिथं खरोखरच एक इलेक्ट्रॉन एकटा आहे.

क्लोरीन ट्रायफ्लोराइड मात्र सावकाश करा, ते एक नीट आलं की बाकीचे सोपे. ७ अधिक ३ म्हणजे १०, निम्मे ५ जोड्या. तीन बंध, दोन लोन पेअर. पाच जोड्यांच्या मांडणीत सगळ्या जागा सारख्या नसतात: तीन मधल्या पट्ट्यात एकमेकींपासून १२० अंशांवर, दोन वर-खाली. वरच्या जागेला ९० अंशांवर तीन शेजारी, पट्ट्यातल्या जागेला दोनच. दाटी नको असलेली लोन पेअर कुठं बसेल ते उघड आहे. दोन्ही पट्ट्यात बसल्या की उरलेले तीन फ्लोरीन इंग्रजी टी अक्षरासारखे दिसतात, आणि कोन ९० पेक्षा जरा कमी, ८७.५ भरतो. हीच रीत झेनॉन डायफ्लोराइडला लावा: तीन लोन पेअर पट्टा भरून टाकतात, रेणू सरळ रेषेत. झेनॉन टेट्राफ्लोराइडला सहा जोड्या येतात, दोन लोन पेअर समोरासमोर जातात, उरतो सपाट चौकोन.

ही रेटारेटीची कल्पना सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये मांडली आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये तिला आजचं रूप दिलं. ती सगळीकडे पुरत नाही. फॉस्फिनमध्ये कोन साधारण ९३.५ आहे, तिथं हायब्रिडायझेशन (अणूच्या कक्षकांची सरमिसळ) एसपी-थ्री लिहून गुण मिळतील, कोन समजणार नाही. हायब्रिडायझेशन हे आकार कळल्यावर दिलेलं नाव आहे, आकाराचं कारण नव्हे. आमच्या मते ते शेवटी शिकवायला हवं, पण क्रम आपल्या हातात नसतो.

प्रश्न वाचताना 'जॉमेट्री' इलेक्ट्रॉन जोड्यांची विचारलीय की 'शेप' रेणूचा, ते बघा. पाण्याला पहिलं टेट्राहेड्रल (मिथेनच्या मॉडेलसारखं), दुसरं बेंट (वाकलेला). पर्यायांत दोन्ही असतात. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, सीईटीत कापत नाहीत, तरी गुण जातोच.

डायपोलच्या, म्हणजे रेणूतला भार एका बाजूला किती झुकतो त्याच्या, प्रश्नात आकार काढल्याशिवाय हात घालू नका. फ्लोरीन जास्त ओढणारा, म्हणून नायट्रोजन ट्रायफ्लोराइड अमोनियापेक्षा जास्त ध्रुवीय, असं वाटतं. प्रत्यक्षात अमोनियाचा डायपोल १.४७ डिबाय (डायपोलचं एकक) आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा फक्त ०.२३ च्या घरात. अमोनियात बंधांची ओढ आणि लोन पेअर एकाच दिशेला आहेत. दुसऱ्यात फ्लोरीन उलट्या बाजूला ओढतात आणि बेरीज जवळपास फिटते.

ध्रुवीय पाणी कोणत्या रेणूला धरतं आणि कोणत्याला नाही, याचा घरगुती पडताळा सांगलीत तरी सहज मिळतो. दोन वाट्यांत पाणी घ्या, एकीत साखर, दुसरीत चिमूटभर हळद. साखरेच्या रेणूवर आठ ओएच गट बाहेर तोंड करून आहेत, पाणी त्यांना हायड्रोजन बंधांनी धरतं, साखर दिसेनाशी होते. हळदीतल्या करक्युमिनमध्ये २१ कार्बनचा लांब सांगाडा आणि ओएच मोजके. त्यातला मधला एक तर शेजारच्याच ऑक्सिजनशी आतल्या आत बांधलेला. पाण्याला धरायला फारसं काही उरत नाही, हळद तळाला बसते. तीच चिमूट दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये, गॅसपासून लांब, टाकून ढवळा. गाळ खाली राहील आणि वरचं स्पिरिट स्वच्छ गडद पिवळं होईल.