मुलांना ओरेगॉन ट्रेल शिकवताय? या चुका टाळा

सात ते दहा वर्षांच्या मुलग्यांना ओरेगॉन ट्रेल, म्हणजे १८४० च्या दशकातला अमेरिकेतल्या स्थलांतरितांचा पश्चिमेकडचा प्रवास, शिकवायचा म्हटलं की आधी काउबॉय टोपी आणि खेळण्यातली बंदूक निघते. ती कपाटातच राहू द्या. मिझुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगॉनपर्यंतचे सुमारे ३,२०० किलोमीटर बहुतेक लोक चालत गेले, कारण बैलगाडीत सामान भरल्यावर बसायला जागाच उरत नसे. मुलांना नेमकं हेच कळायला हवं.

जमिनीवर चिकटपट्टीने १० बाय ४ फुटांचा चौकोन आखा; गाडीची पेटी साधारण एवढीच असे. इथे मोठी माणसंच सामान निवडून देतात आणि सगळा खेळ बिघडतो. मुलांना १०० पौंडांचं एक, अशी २० कार्डं द्या. एकूण ओझं २,००० पौंड. त्या काळी माणशी २०० पौंड पीठ आणि १५० पौंड बेकन न्यायचा सल्ला दिला जाई. चार मोठी माणसं धरली तर १४ कार्डं तिथेच संपतात! साखर, कॉफी, मिठाला दोन. उरलेल्या चारांत तंबू, अवजारं, अंथरुणं. कुणीतरी लोखंडी शेगडीसाठी हट्ट धरतोच. धरू द्या, आणि डोंगर आला की तीन कार्डं उतरवायला लावा. लोकांनी खरोखरच जड शेगड्या वाटेत टाकून दिल्या होत्या.

हार्डटॅकसाठी (प्रवासात टिकणारं कडक बिस्किट) दोन कप मैदा, एक चमचा मीठ, पाऊण कपाच्या आत पाणी. सवयीने मोहन घालू नका. तेलातुपाने तो खवट होतो, टिकत नाही. सेंटीमीटरभर जाड लाटून आरपार भोकं पाडा, नाहीतर वाफ अडकून फुगतो. १९० अंशांवर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा तास भाजा. आतून मऊ राहिला तर पाणी जास्त झालंय. या वयात दुधाचे दात हलत असतात, म्हणून दुधात भिजवूनच खायला द्या.

बरणीत साय हलवून लोणी काढताना बरणी अर्धीच भरा. काठोकाठ भरली तर साय हिंदकळत नाही. गाडीला टांगलेल्या भांड्यात दिवसभराच्या हादऱ्यांनीच लोणी येई.

पिसांचे मुकुट मात्र नकोत. पॉनी, लकोटा, शोशोनी ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची वेगवेगळी राष्ट्रं नकाशावर दाखवा. शोशोनी लोक प्रवाशांना सामन मासे विकत. वाटेवर हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं कॉलऱ्याने दगावली. म्हणून खेळासाठी संकटाच्या चिठ्ठ्या करताना कॉलरा, नदीत बुडणं आणि चाकाखाली सापडणं यांच्याच जास्त करा.