चालू वर्डप्रेस संकेतस्थळावर वापरकर्त्यांचे अधिकार बदलताना

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीत कॉन्ट्रिब्युटर या भूमिकेतील लेखकाला मजकूर लिहून तपासणीसाठी पाठवता येतो, मात्र छायाचित्र चढवता येत नाही. दिवाळी अंकाच्या धांदलीत सगळ्यांची चित्रे ईमेलने मागवून संपादक कंटाळतात आणि ही परवानगी देण्याचे काम आपल्याकडे येते.

भूमिका आणि त्यांचे अधिकार डेटाबेसमधील ऑप्शन्स तक्त्यात साठवलेले असतात, त्यामुळे कोडमधील यादी बदलून फाइल सर्व्हरवर चढवली तरी पुष्कळदा काहीच फरक पडत नाही. त्या नावाची भूमिका आधीपासून असेल तर 'ॲड रोल' हे नवी भूमिका तयार करणारे फंक्शन काहीही न करता मुकाट्याने परत फिरते. आधी डेटाबेसची प्रत घ्यावी, मग 'गेट रोल'ने भूमिका मिळवून 'ॲड कॅप'ने तिला 'अपलोड फाइल्स' हा एकच अधिकार जोडावा. हा कोड प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक कोडमध्ये ठेवावा आणि हे काम ते प्लगइन सक्रिय होतानाच व्हावे. 'इनिट' हुकवर, म्हणजे प्रत्येक पान उघडताना कोड चालवणाऱ्या जागी ठेवल्यास ते प्रत्येक पानामागे विनाकारण धावते, शिवाय दुसऱ्या कोणी तो अधिकार काढला तरी पुढच्याच पानाला तो परत येतो, आणि हा घोळ शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

हा अधिकार मिळताच लेखकाला मीडिया लायब्ररीतील इतरांची चित्रेही दिसू लागतात, हे संपादकांना आधीच सांगावे. परवानगी मोजक्याच लेखकांना द्यायची असेल, तर मूळ भूमिकेला हात न लावता वेगळ्या नावाची भूमिका तयार करावी.

वर्डप्रेस प्रत्येक विनंतीच्या वेळी अधिकार नव्याने तपासते, त्यामुळे बदलानंतर कोणाला पुन्हा लॉगिन करावे लागत नाही. मात्र अधिकार काढून घेताना एखादा लेखक काम अर्धवट टाकून अडकू शकतो, म्हणून तो बदल रात्री उशिरा करावा. एखाद्या वापरकर्त्याला पूर्वी व्यक्तिशः दिलेला अधिकार डेटाबेसमधील यूजरमेटा तक्त्यात, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी माहिती ठेवणाऱ्या तक्त्यात असतो आणि तो भूमिकेवर मात करतो. भूमिकेतून काढलेली परवानगी त्याच्याकडे तशीच राहते, म्हणून तो तक्ताही तपासावा.

चाचणीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे लॉगिन एका ब्राउझरमध्ये चालू ठेवून दुसऱ्या ब्राउझरमध्ये कॉन्ट्रिब्युटरच्या चाचणी-खात्याने प्रवेश करावा, चित्र चढते का ते पाहावे आणि लेख प्रसिद्ध करण्याचे बटण अजूनही दिसत नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी.