जर्मन 'कुकुक' : अर्थ कसा ओळखावा, शब्द कसा वापरावा

कोकीळकुळातल्या एका पक्ष्याला जर्मन भाषेत 'कुकुक' म्हणतात. शब्द पुल्लिंगी असल्याने त्याच्याआधी 'डेअर' हे उपपद लावावे, दोन्ही उकार ऱ्हस्व ठेवावेत आणि आघात पहिल्या अक्षरावर द्यावा. व्याकरणाचे एवढ्यावर भागते. खरी कसोटी लागते ती अर्थ ठरवताना, कारण वाक्यात कुकुक आला म्हणजे पक्षीच आला, असे मुळीच नाही.

त्यासाठी आधी व्युत्पत्ती पाहावी. जुन्या जर्मनमध्ये या पक्ष्याचे नाव 'गाउख' असे होते. पुढे त्या शब्दाला 'मूर्ख' हा अर्थ चिकटला आणि पक्ष्याच्या सादेवरून बनलेल्या 'कुकुक'ने हळूहळू त्याची जागा घेतली. (आपला 'कोकीळ'ही असाच सादेतून जन्मला आहे.) दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालणारा हा पक्षी लोकसमजुतीत अशुभ ठरला, आणि सैतानाचे नाव उच्चारणे टाळू पाहणाऱ्यांना त्याच्या रूपाने एक आयते टोपणनाव मिळाले.

म्हणून 'त्सुम कुकुक!' किंवा 'वाइस डेअर कुकुक' असे ऐकू आल्यास कुकुकच्या जागी 'टॉयफेल', म्हणजे सैतान, हा शब्द घालून पाहावा. वाक्य तसेच चालले, तर पक्ष्याचा संबंध नाही हे नक्की. पहिला उद्गार वैतागाचा आहे, दुसऱ्याचा भाव 'देव जाणे' असा आहे. दोन्ही सौम्य असल्याने किल्ली सापडत नसताना खुशाल वापरावेत.

याउलट घरातल्या कपाटावर कुकुक चिकटवल्याचे कोणी सांगितले, तर तिथे सैतानही बसत नाही. कर्जवसुलीसाठी न्यायालयाचा अंमलबजावणी अधिकारी जप्त वस्तूवर जी मोहोर लावतो, तिला हे नाव आहे. पूर्वी या मोहरेवर राजचिन्हातला गरुड असे आणि लोकांनी त्या गरुडाचा थट्टेने कुकुक केला. थट्टा असली, तरी ती मोहोर परस्पर काढणे हा जर्मनीत दंडनीय गुन्हा आहे.

जोडशब्दांत मध्ये 'स' येतो. 'कुकुक्सउअर' म्हणजे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातले, कुकुकसारखी साद घालणारे प्रसिद्ध घड्याळ. 'कुकुक्सआय', शब्दशः कुकुकचे अंडे, हे दुसऱ्याच्या गळ्यात बेमालूम अडकवलेल्या लचांडाला म्हणतात आणि कार्यालयीन बोलण्यातही खपते. 'कुकुक्सकिंड' मात्र शक्यतो टाळावा. स्वतःला वडील समजणारा पुरुष ज्याचा जन्मदाता नाही, अशा मुलाला उद्देशून तो वापरला जातो आणि त्याचा घाव त्या मुलावरच पडतो.