हवेवरचा सिलिंडर संथ झाला? दाब वाढवण्याआधी या चुका टाळा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही शॉपमध्ये मशीनचा हवेवरचा सिलिंडर (हवेच्या दाबाने दांडा पुढे-मागे ढकलणारा) संथ झाला की पहिला हात रेग्युलेटरच्या, म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करायच्या, नॉबकडे जातो. पाचचे सहा, सहाचे सात बार (बार म्हणजे दाबाचं माप). दोन दिवस मशीन पळते, मग ये रे माझ्या मागल्या. माझ्या मते हवेवरच्या मशीनचं सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं.

दाबाने जोर ठरतो. ५० मिलीमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बारला साधारण १२० किलोचा जोर देतो. वेग मात्र एका बाजूने हवा किती झपाट्याने भरते आणि दुसऱ्या बाजूची किती झपाट्याने निघून जाते, यावर असतो. म्हणून नॉबला हात लावण्याआधी रेग्युलेटरच्या गेजवर नजर ठेवून सिलिंडर चालवून बघा. मशीन थांबलेली असताना काटा ६ वर आणि स्ट्रोक (दांड्याची चाल) सुरू होताच ४ वर येत असेल, तर हवाच पुरत नाही: फिल्टर तुंबलाय, मागची लाईन बारीक आहे किंवा मोठी गळती आहे. काटा जागचा हलत नसेल, तर व्हॉल्व्हचा सायलेन्सर, म्हणजे वापरलेली हवा जिथून बाहेर पडते ती जाळी, तपासा. तो तेलकट धुळीने बुजला की हवा बाहेर पडत नाही आणि सिलिंडर रडत-रखडत चालतो. झटके देत पुढे जात असेल, तर फ्लो कंट्रोल (हवेचा वेग आवरणारा व्हॉल्व्ह) उलटा बसलाय का पाहा. डबल ॲक्टिंग, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवेवर चालणाऱ्या, सिलिंडरमध्ये सहसा बाहेर जाणारी हवा अडवायची असते, आत येणारी नाही.

गळतीला कुणी मनावर घेत नाही. ६ बारला ३ मिलीमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे पाचशे-सहाशे लिटर हवा जाते. ५ एचपीचा कॉम्प्रेसर जवळजवळ तेवढ्यासाठीच राबतो. जेवणाच्या सुट्टीत शॉप शांत असतं, तेव्हा साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जॉइंटवर लावत फिरा, बुडबुडे आले की तिथे गळती.

पावसाळ्यात पाण्याचा त्रास वाढतो. ७ बारला आठ लिटर हवा एका लिटरच्या जागेत कोंबली जाते आणि तिच्यातली वाफ टाकीत गार होऊन पाणी बनते. टाकीचा ड्रेन रोज सोडला नाही, तर ते पाणी सिलिंडरमधलं ग्रीस धुऊन नेतं आणि व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) अडकतो. मुख्य लाईनवरून मशीनसाठी फाटा काढताना तो वरच्या बाजूने काढा. खालून काढलात तर साचलेलं पाणी थेट मशीनमध्ये उतरतं. फिल्टरची पारदर्शक वाटी थिनरने धुऊ नका, ती तडकते आणि दाबाखाली फुटू शकते. साबणाचं कोमट पाणी पुरे.

तासगाव-सांगलीकडे बेदाणा निवडायच्या सॉर्टरवर हवेचा झोत थेट मालावर बसतो. तिथे लाईनला ऑइलर (हवेत तेल सोडणारं भांडं) लावूच नका, तेल बेदाण्यात जाईल.

आणि जोडणी उघडण्याआधी लाईनमधली हवा पूर्ण सोडा. सिलिंडर उभा असेल तर त्याने पेललेल्या वजनाखाली आधी भक्कम ठोकळा द्या, मगच हवा सोडा. ती गेली की वजन थेट हातावर येतं.